तुंबा, आरे, धाव

जानेवारी. जिंतूरचं ग्रामीण रुग्णालय.
खिडकीची एक काच नाही,
तिथे सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा.
सत्यशीला शालीत काहीतरी गुंडाळून आणते,
शाल उघडल्यावर कळतं, लेकरू आहे.
नऊ महिन्यांचा तुळजेश.
रडतोय, पण डोळ्यांत पाणी नाही.

"परवापासून ओकायलाय, सिस्टर.
रात्री अकरा दुपटी झाली, मग मोजायचं सोडलं.
सासू म्हणली, दात यायलेत.
शेजारीण म्हणली, नजर.
गावातल्या डॉक्टरनं लाल औषध दिलं, महागाचं.
आन् पाणी बंद करा म्हणले समदेच,
पाजाल तेवढं हगंल."

टाळूवर बोट ठेवते. चिंचोका बसेल एवढा खळगा.
पोटाची कातडी चिमटीत धरते, सोडते.
सुरकुती लगेच मिटत नाही.
मी मनात एक म्हणते.
दोन म्हणायच्या आत मिटते.
म्हणजे वेळ आहे.

परभणीला ट्रेनिंगमध्ये एका बाईंनी
भिंतीवर फोटो पाडला होता.
म्हणाल्या, हा रोटा. लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक.
बाकीच्या लिहून घेत होत्या.
मी चारठाण्याच्या सुताराची पोर,
मला मधला तुंबा दिसला, आरे दिसले,
वरून चढवलेली धाव, कुठेच सांधा नाही.
बापानं पाहिलं असतं तर विचारलं असतं,
काम कोण्या मिस्तरीचं?

केसाच्या जाडीत असली हजार चाकं
ओळीनं मावतात.
आतड्याला आतून लव असते, मखमलीसारखी;
कोवळ्या ज्वारीत गाडी घातल्यागत
ती आडवी होते,
मग पाणी धरायला आत काही उरत नाही.
याचे भाऊबंदही फिरतात, नोरो, अस्ट्रो, अडेनो,
पण सत्यशीलाला नावं नकोत.
ती विचारते, "माझं काय चुकलं?
मी तर वाटी-चमचा उकळून घेते."

काही नाही चुकलं गं.
हे दाराच्या कडीवरून येतं, खुळखुळ्यावरून,
लाडानं गाल ओढणाऱ्या मामाच्या बोटावरून.
फरशीच्या बंगल्यातही शिरतं.
आणि ते लाल औषध
याला ओळखतसुद्धा नाही.

तिच्या कार्डावर थेंबांचा पहिला रकाना भरलेला,
पुढचे दोन कोरे.
"तवा आम्ही कारखान्यावर होतो."

एक गोष्ट मी तिला सांगत नाही.
आमचा सुदाम. मी सातची, तो सव्वा वर्षाचा.
त्याचंही पाणी बंद केलं होतं
सगळ्यांनी मिळून, मायेनं.
बाप त्या दिवशी ओढ्यावर होता.
कुणाच्या तरी गाडीची चाकं
डोहात बुडवून ठेवायला गेला होता.
लाकूड वाळलं की आकसतं, आरे खुळखुळतात,
रात्रभर पाण्यात राहिलं
की फुगतं, सांधे पुन्हा धरतात.
हे त्याला ठाऊक होतं.
चाकाचं ठाऊक होतं.

पाकीट फोडते. एक लिटर, उकळून गार केलेलं.
चमचा. ओकला.
दहा मिनिटं थांब. पुन्हा चमचा, आता अजून हळू.
मधून मधून अंगावर घे त्याला, दूध तोडू नको.
सत्यशीलाचा हात आधी थरथरतो,
अर्धं पाणी गळपट्टीवर.
बाराच्या सुमारास हाताला वळण पडतं.
शेजारच्या खाटेवरची बाई
तिच्या वाटचा वेळ मोजायला लागते,
घड्याळ येत नाही म्हणून
मण्यांवर.

चार वाजून दहा मिनिटांनी
तुळजेश माझ्या ॲप्रनवर मुतला.
पूर्ण. धार लावून.
सत्यशीला ओशाळली, पदरानं पुसायला धावली.
म्हणलं, राहू दे, बाई.

रजिस्टरमध्ये लिहिलं: लघवी झाली.
ॲप्रन मात्र
संध्याकाळपर्यंत तसाच घातला.