सहावा अंक

कुडाळहून सव्वानवाला येणाऱ्या गाडीत
ड्रायव्हरच्या सीटमागे, सुतळीने बांधून,
लाटांबरचा शेवटचा अंक वेंगुर्ल्यात आला.
सात प्रती.
आधीचे पाच दर महिन्याला आले होते,
हा अकरा महिने उशिरा.
तेवढ्यात माझ्या स्टॉलचा पत्रा बदलून झाला
आणि पहिल्या अंकासाठी रांग लावणारी पोरं
दाढी करायला लागली.

सहा प्रती दुपारपर्यंत गेल्या.
सातवी मी ठेवली, वाचून परत द्यायची, दोन रुपये.
मागच्या कव्हराआधीचं पान कोरं होतं.
संध्याकाळी बघते तर त्यावर
'माका नाय पटला.'
सही नाही. पण हिरवी रिफिल
बर्फाच्या फॅक्टरीतला दिगू गिरप सोडला तर
या बंदरात वापरतो कोण?

(वाचला नसेल तर सांगते.
पाच अंक ज्या काळ्या जहाजाची धास्ती
ते येतं, नांगर टाकतं,
आणि त्यातून उतरतात उपाशी, कंटाळलेली माणसं.
लाटांबर त्यांना पाणी देतो.
मग जाळी वाळत घातलेल्या दांडीवर
मुखवटा अडकवून पाठमोरा चालू लागतो.
शेवटच्या चौकटीत नुसता मुखवटा,
त्यावर बसलेला कावळा.)

दिगू दुसऱ्या दिवशी तोंडाने बोलला,
'पाच म्हयने जहाज जहाज केल्यानी,
आणि शेवटाक पाणी पाजल्यानी?
पैसे परत दी.'
दोन रुपये दिले. त्याने त्याचाच चहा घेतला.

मार्सेलीन मेस्त्रीला शेवटाशी देणंघेणं नव्हतं.
चौदाव्या पानावर त्याने पेन्सिलीने विचारलंय,
'ह्या इंजिनाक सायलेन्सर खंय आसा?'
आणि खाली काढूनही दाखवलाय, नटबोल्टासकट.

नझीम मुजावर पाचही अंक पिशवीतून घेऊन आला.
दुसऱ्या अंकात मुखवट्याला चार टाके,
या अंकात तीन.
म्हणजे हा मुखवटा खोटा,
म्हणजे चालत गेला तो लाटांबर नव्हेच.
पेपरवाली गिऱ्हाइकं खोळंबली होती.
अर्धा तास माझाही विश्वास बसला.

केळुसकर सरांनी शाईने लिहिलं,
'शेवट अनपेक्षित, परंतु उचित.'
त्याखाली कुणीतरी,
'सर, तुम्ही आधीचे अंक वाचलेत का?'
सर आले, कान लाल,
आणि माझ्याकडचा शेवटचा संच
पिशवी न मागता घेऊन गेले.

उर्मिलाने लिलाव आटोपून उभ्याउभ्या वाचला.
पान एकवीसवर अजून एक खवला चिकटलेला आहे.
'ही पाठ माझ्या घोवाची,' म्हणाली,
'भांडान जाता तेव्हा अशीच दिसता.'
पान उलटलं, परत मागे आली.
'पण तो रातीक जेवूक येता.
हो येतलो काय?'
मी सुट्टे पैसे मोजत राहिले.

उरलेल्या कोपऱ्यात फर्नांडिसांच्या पावलूने
पुढची चौकट काढली.
एक पोरगा मुखवटा घालतोय,
तो नाकावरून घसरतोय,
कावळा हसतोय.

मग जागाच उरली नाही.
लोक गोष्ट सोडून थेट मागचं पान वाचायला लागले
आणि दोन रुपये देताना कुरकुरले.
म्हणून मी अंक बुकपोस्टने धाडला,
छापलेल्या पत्त्यावर, पुण्याला.
चित्रं काढणाऱ्याला कळू दे,
अकरा महिने कोण कोण थांबलं होतं.

तीन आठवड्यांनी परत आला.
वर शिक्का, 'पत्त्यावर राहत नाहीत.'
पाकीट उघडंच, बुकपोस्ट ते.
मागच्या पानावर, सायलेन्सरसारख्याच फिक्या पेन्सिलीत,
पावलूच्या चौकटीच्या कडेने आडवं लिहिलेलं,
'आवडला. मागचे पाच कुठे मिळतील?
पोस्टमन, बीट नंबर चार.'

केळुसकर सरांकडे निरोप धाडलाय,
वाचून झाले का म्हणून.