पान एकशे चौतीस

चार किलो दोनशे ग्रॅम.
वजन पाठ आहे, कारण आबा गेल्यावर
मी ते पुस्तक रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवलं होतं.
तो म्हणाला, ताई, चकचकीत कागदाला भाव नाही.
पुड्या होत नाहीत याच्या.
हा कागद काहीच पीत नाही.
मग काळाचौकीचे तीन जिने
मी ते छातीशी धरून परत वर आणलं,
झोपलेलं मूल आणावं तसं.

कंबाला हिलच्या वाच्छाबाईंनी दिलेलं ते.
दिलेलं म्हणजे कामापुरतं.
फ्रान्समधली घरं, जिने, उंचच उंच खिडक्या,
बशीत पडलेली पेअरची साल,
आणि मधेच दोन पानं व्यापून एक पलंग,
चादर चुरगळलेली.
आई त्या पानाशी दर वेळी थांबायची:
फोटोवाला येणार हे माहीत होतं ना,
मग आवरायला काय झालं होतं?

एकशे चौतीसवर बाईंची बारीक फुली, पेन्सिलीनं.
असं छत हवंय मला, सोनूभाई.
अगदी असं.

आबा चौथीपर्यंत शिकलेले.
फ्रेंच काय नि मराठी काय, अक्षरं त्यांना सारखीच लांब.
ते सावल्या वाचायचे.
पुस्तक भिंतीला टेकवून, चष्मा कपाळावर सारून:
उजेड डावीकडून आलाय. म्हणजे पाकळी दीड इंच उचललेली.
माणूस खोटं बोलेल, सावली नाही बोलत.

मग घमेल्यात आधी पाणी, पाण्यावर पांढरं,
उलटं कधी नाही.
दहा मिनिटं लोणी, नंतर दगड.
पोत्यावर पॅरिसचं नाव असायचं,
आम्ही नुसतं पीओपी म्हणायचो,
आणि मला कितीतरी वर्षं वाटायचं
पॅरिस म्हणजे एक पावडर,
आबांच्या भुवयांत बसून घरी येणारी,
आई जी मोरीत धुऊ द्यायची नाही
नळी तुंबते म्हणून.

अकरा आठवडे ते परांचीवर उताणे होते.
मी डबा घेऊन जायचे, खालून हाक मारायचे,
वरून एक पांढरा हात यायचा.

शेवटच्या दिवशी बाई मान मागे टाकून
बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या,
ते काय आहे?

मधल्या फुलापासून भिंतीपर्यंत
केसाएवढी एक भेग.
फोटोत होती. आबांनी केली होती.
सुईनं, दोन दिवस घालून,
जिथे वळायची तिथेच वळवून.

तुम्ही म्हणालात अगदी असं,
आबा म्हणाले.

बाई आधी हसल्या, मग हसल्या नाहीत.
भेग बुजवायला पाव तास लागला.
हिशेबातून दोन हजार कापले गेले,
आणि पुस्तक परत करायचं
आबा विसरले.
विसरले असंच ते शेवटपर्यंत सांगत.

खालच्या मजल्यावरची ऋजुता फ्रेंच शिकते.
परवा तिला ते पान दाखवलं.
फोटोखालच्या दोन ओळी तिनं अडखळत वाचल्या:
घर कुणाचं, साल कुठलं, फोटो कुणी काढला.
आणि छत कुणी केलं?
तिनं पान उलटून मागे पाहिलं, पुढे पाहिलं.
ते नाहीये, मावशी.

ती गेल्यावर मी दिवा जवळ ओढला.
पानाच्या कडेला अंगठ्याचा ठसा आहे, पांढरा,
रेषा न् रेषा मोजता येईल असा.
काही न पिणाऱ्या कागदावर
तो कसा धरून राहिलाय, कळत नाही.
नखानं जरा खरवडून पाहिलं.
थोडं निघालं.
मग थांबले.