इतर हक्क

शुवैखच्या गॅरेजात गुरुवारी रात्री
आम्ही सातजण जमतो, बोनेट उघडून,
जसं कुणी आजाऱ्याला बघायला जावं
आणि दुखणं सोडून त्याचं गाव विचारत बसावं.
इंजिनाचा प्रश्न मागाहून.
आधी : हिचा पहिला धनी कोण?
त्याच्याकडून कुणी घेतली?

वही माझ्याकडे. पेशानं हिशेबनीस,
आणि बार्शीकडच्या तलाठ्याचा मुलगा.
कुणाचं नाव कमी झालं, कुणाचं लागलं,
वारसानं की खरेदीनं,
हे मला पाढ्यांच्या आधी कळायचं.
गाडीच्या नोंदणीला कुवेतमध्ये दफ्तर म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा
खांद्यावर पट्टा काचल्यासारखा झाला.

सध्या माझीच कॅप्रिस. अठ्ठ्याहत्तरची.
आधी अहमदीचा तेल-इंजिनिअर, मग त्याचा मेहुणा
(मिशाल म्हणतो, पत्त्यांत जिंकली),
मग सुलेमान अल-रशूद, नव्वद साल, मे महिना.
इथे ओळ तुटते.
पुढची नोंद थेट त्र्याण्णवची,
साल्मियाचा बेकरीवाला. पांढरा रंग त्याचा.

"बसऱ्याला नेली असणार," मिशाल म्हणाला,
"अशा कितीतरी गेल्या."
बिजॉयनं काही न बोलता छताचं कापड सोडवलं.
काजळी पडली. चिकट, तेलकट.
बोट नाकाशी नेत तो म्हणाला,
ही एक्क्याण्णवची. विहिरी जळत होत्या तेव्हाची.
गाडी इथेच होती.

सुलेमान जहरात सापडला, दिवाणियात, थकलेला.
खजूर पुढे सरकवले.
"मी तेव्हा ताइफला. गाडी हारिसच्या भरवशावर.
त्यानं चारी चाकं काढली,
बॅटरी पुरली बोरीच्या झाडाखाली,
आणि बंदूकवाल्यांना म्हणाला,
नुसता खोका आहे, न्या उचलून.
नाही नेला कुणी."
मी पेनाचं टोपण काढलं. नाव?
"अब्दू."
पुढे?
म्हातारा फिंजानात बघत राहिला.
"आम्ही अब्दूच म्हणायचो."

गॅरेजात वाद झाला.
मालक नव्हता तो, झुल्फिकार म्हणाला,
दफ्तरात नाही त्याला ओळ कशी?
बरोबरच होतं त्याचं.

पण सातबाऱ्यावर एक रकाना असतो.
कूळ, विहिरीतली पाळी, जाण्यायेण्याची वाट,
विधवा चुलतीची पोटगी,
जमीन ज्यांची नाही
पण ज्यांना वगळून जमिनीचं पान पुरं होत नाही,
ते सगळे तिथे, वडिलांच्या मुंगीएवढ्या अक्षरात.

पट्टी मागितली. पानापानावर उभी रेघ मारली.
अब्दू, हारिस. चाके व बॅटरी.
ऑगस्ट नव्वदपासून.
'पर्यंत'ची जागा मोकळी ठेवली.

मग झुल्फिकारच म्हणाला, माझ्या पॅट्रोलला लिही,
ईदच्या रात्री गिअरबॉक्स उतरवणारा फोरमन.
बिजॉयला आठवला एक ड्रायव्हर,
मालकाच्या मुलींना अकरा वर्षं शाळेत सोडणारा.
आणि कुणाची तरी हेअरपिन, सीटखाली मिळालेली.
तिला नाव नाही. तीही लिहिली.

माझा इकामा ऑक्टोबरात संपतोय.
एकवीस वर्षांत या देशात
धनी म्हणून माझं नाव लागलं ते एवढ्या एकाच ठिकाणी.
गाडी झुल्फिकारच्या भाच्याला दिली, फेरफार मीच ओढला.
कमी झालेलं नाव खोडायचं नसतं,
त्याला कंस करायचा. वडिलांनी शिकवलेलं.
दोन बाकदार रेघा, आत मी.

शेजारच्या रकान्यात माझं काही निघतं का,
बघत बसलो होतो.
बाहेर पोरानं चावी फिरवली.
तिसऱ्या खेपेला लागते, मी आतूनच ओरडलो,
पहिल्या दोनांत अॅक्सिलरेटर दाबू नकोस.