बाकी

नसरुल्ला मिस्त्रीची भट्टी हजिऱ्यात, गिरणीच्या भिंतीला लागून.
शाळा सुटली की मी तिथे थांबायचे,
दप्तर मांडीवर, डोळे ठिणग्यांत.
घणाच्या दोन घावांमध्ये
तो एक वाक्य बोलायचा.

"आमच्याच पेशाचा होता, खब्बाब.
मक्केत तलवारी घडवायचा.
हुनर त्याचं, हात मालकिणीचे."
घाव.
"पैगंबरांवर ईमान आणलं तेव्हा
पाठीशी ना कबिला, ना भाऊ.
निखारे पसरले, त्यावर उताणा निजवला.
कशानं विझले माहितीय?"
घाव.
"त्याच्याच पाठीच्या चरबीनं."

मी नऊ वर्षांची.
त्या रात्री पालथी झोपले.

उधारीची गोष्ट मात्र त्याने मला सांगितली नाही.
ती मी ऐकली दौलतगंजात, आमच्याच जिन्यावर बसून.

अप्पा ठेकेदार. कंपूतल्या शाळेच्या बासष्ट खिडक्या,
गज घडवले मिस्त्रीने आणि त्याच्या उस्तादाने.
तपासणीत गज हलके भरले.
सळ्या अप्पांनीच हलक्या घेतल्या होत्या,
हे घरात सगळ्यांना ठाऊक, मांजरालासुद्धा.
कागद तयार होता: माल दस्तगीर उस्तादाने बदलला.
अंगठा कर, दोघांची मजुरी घेऊन जा.

मिस्त्री खालच्या पायरीशी. वहाणा हातात.
म्हणाला, खब्बाबचीही मजुरी एका बड्या माणसाकडे अडकली होती.
तो म्हणाला, मुहम्मदांना नाकार, मग देतो.
खब्बाब म्हणाला, तू मरून पुन्हा उठलास तरी नाही.
बडा माणूस हसला: मग तेव्हाच ये,
तिथेही माझ्याकडे पैसा असेलच.

अप्पाही हसले.
"मग तूही पुढच्या जन्मी ये."

"अगला जनम हमारे यहाँ नहीं होता, साहब.
हिसाब होता है."

वहाणा घातल्या आणि गेला.
आईने त्याच्यासाठी ओतलेल्या चहावर
साय धरली तरी कोणी कप उचलला नाही.
दस्तगीर उस्ताद त्याच थंडीत गेले.

अप्पांनंतर त्यांची वही माझ्याकडे आली.
नसरुल्ला व दस्तगीर, चार हजार तीनशे साठ, बाकी.
ओळ खोडलेली नव्हती.
खोडलेली नव्हती, हे मी कितीदा तरी पाहिलं.

मिस्त्री आता खाटेवर. भट्टीच्या जागी नातवाचं वेल्डिंग.
उशाशी पत्र्याची पेटी, कडी आहे, कुलूप नाही.
मी पन्नास हजार पुढे केले.
त्याने थुंकी लावून चार हजार तीनशे साठ मोजले,
उरलेले माझ्याकडे सरकवले.
"ऊपर का सूद है, बिटिया."
मग त्यातलेही निम्मे रुमालात बांधले.
"हे उस्तादांच्या लेकीचे. तूच दे.
मी दिले तर माझे होतील."

निघताना म्हणाला,
"म्हातारपणी खब्बाबकडे पैसा आला होता.
पेटी उघडी असायची, मागेल त्याने न्यावं.
स्वतःचं कफन पाहिलं आणि रडला.
आधी गेलेल्या सोबत्याला पुरेसं कापड नव्हतं,
डोकं झाकावं तर पाय उघडे,
मग पायांवर गवत घातलं.
आमच्या उस्तादांनाही…"
घण नव्हता कुठे.
तरी तो थांबला.

घासमंडी. किल्ल्याची सावली दुपारीच उतरलेली.
दार बोटभर उघडलं.
"किसने भेजा?"
रुमालाच्या गाठीला अजून कोळशाचा वास.
मिस्त्रीचं नाव ओठांवर होतं, सोपं होतं.
मी अप्पांचं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट.

तिने दार आणखी उघडलं नाही.
लावूनही घेतलं नाही.