हप्त्याला मे नसतो

नवनाथ, परवा जिन्यात तू म्हणालास,
"मावशी, टेम्पो काढतोय. डाउन पेमेंट झिरो!"
माझ्या दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या,
नुसतं "छान" म्हणून मी वर गेले.
ते अर्धवट राहिलं, म्हणून लिहितेय,
व्हॅनच्या फीच्या वहीत, मागच्या पानापासून.

सातारा रोडवरच्या शोरूममध्ये
सही व्हायच्या आधीच पेढा दिला मला.
"नऊ टक्के, मॅडम. फ्लॅट."
फ्लॅट म्हणजे मला धनकवडीतला माहीत, वन आरके.
साडेचार लाख. साठ हप्ते.
दहा हजार आठशे पंच्याहत्तर.
साडी घेताना मी पदर उलटा करून बघते,
तिथे कागद उलटला नाही.
विमा त्यांचाच, फाइलचे पैसे वेगळे,
आणि पेन्सिलीने फुल्या मारलेल्या जागा,
इथे, इथे, इथे.

दोन वर्षांनी ईशानचे बाबा, पतपेढीतले,
स्कूटर पंक्चर म्हणून पोरांबरोबर व्हॅनमध्ये बसले.
बिबवेवाडीच्या सिग्नलला त्यांनी मोबाइलवर हिशोब केला
आणि हळूच म्हणाले, "हे पावणेसोळा पडतंय, ताई."
सिग्नल सुटला. मागून हॉर्न.

तेव्हा कळलं ते तुला माझ्या भाषेत सांगते:
स्टॉपमागून स्टॉप पोरं उतरत जावीत,
शेवटी गाडीत एकटी शर्वरी उरावी, पेंगत,
आणि भाडं मात्र रोज अकरा जणांचं मागावं,
तो फ्लॅट.
जेवढी पोरं बसलेली तेवढ्यांचंच मागावं,
तो रिड्युसिंग.
एवढा एक शब्द विचार, बाकी पेढा खा.

आणि तारीख.
हप्ता पाच तारखेचा,
पोरांच्या आया फी देतात दहाला, काही जणी पंधराला.
मधले दिवस मी खात्याकडे
उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी बघायचे.
शाळेला मे असतो. हप्त्याला मे नसतो.
पहिल्या उन्हाळ्यात दोन हप्ते परत गेले,
प्रत्येकी पाचशे नव्वद दंड,
पैसे नाहीत म्हणून अजून पैसे.

मग दोघं जण आले.
वॉचमनला माझं नाव मोठ्याने विचारलं,
चारही मजल्यांना ऐकू जाईल इतकं.
किल्ली मागितली.
माझे पाय लटपटत होते, पण तोंडातून निघालं,
"नोटीस दाखवा. ओळखपत्र दाखवा."
नव्हतं. गेले.
दुसऱ्या दिवशी मी स्वतः ऑफिसात गेले,
लपून राहिले असते तर गाडी गेली असती.
पाटल्या मोडल्या. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

शेवटचा हप्ता गेला तेव्हा
मोबाइल एकदा टुंग वाजला, बस.
मला वाटलं, सुटले.
वर्षभराने गाडी विकायला काढली,
गिऱ्हाइकाने आरसी उजेडात धरली.
माझ्या नावाखाली बारीक अक्षरात
कंपनी अजून बसलेली होती,
भाडं संपलं तरी खोली न सोडणाऱ्यासारखी.
एनओसी आली होती, मी ती गणपतीच्या फोटोमागे ठेवली होती.
तीन महिन्यांची मुदत उलटून गेलेली.
पुन्हा अर्ज, पुन्हा फॉर्म पस्तीस, दोन प्रती, दोन्हींवर शिक्के,
संगम पुलाजवळच्या आरटीओत
तीन सकाळी, तिन्ही वेळा वेगळी खिडकी.

खिडकीतली बाई न बघता म्हणाली,
"बोजा उतरला."
मी उगाच खांदा चाचपला.

गाडी विकली नाही मग.
घेऊ नकोस असं नाही म्हणत रे,
त्या व्हॅनवर माझं घर चाललं, चालतंय.
उद्या साडेसातनंतर ये, पोरं सोडून झालेली असतात.
सगळे कागद आण,
कोरे ठेवून सही मागितलेत, ते आधी.
चष्मा मी पुसून ठेवते.