सोबतीचा आकडा

निइगाताच्या छापखान्यात तोकुजी
आलेली कोडी आधी स्वतः सोडवतो.
हिसाएबाईंचं सुडोकू मुकाट सुटत आलं,
शेवटी चार घरं अडून बसली:
तीन-आठ, खाली आठ-तीन.
अदलाबदल केली, तरी बसतंय!

दोन उत्तरांचं कोडं, कोडं नव्हे.
त्यानं कळवलं: एक आकडा वाढवा.

आठवड्यानं कागद परत.
अडलेल्या घरात तीन,
आणि पान उलटं फिरवलं की
नेमक्या त्याच जागी
एक पाच.
त्याच्यावाचून काही अडत नव्हतं.

तोकुजीनं खोडरबर उचललं.
पान फिरवलं. पुन्हा फिरवलं.
बाहेर बर्फ, आत हीटरची घरघर.

राहू दे.
तिनाला एकटं वाटू नये म्हणून
बसलाय बापडा.