बिनमायन्याचं

डंडीत आज समुद्रावरून धुकं चढलंय.
टे नदीवरचा पूल अर्ध्यातच संपतो.
मी इन्क्युबेटरचं दार उघडून उभी,
चष्म्यावर वाफ,
हातात जंतूंची ताटली.

शाळेत मोकाशी बाई
पत्राच्या मायन्याला दोन गुण देत.
तीर्थरूप, कृतानेक, सप्रेम, वि. वि.
मायना चुकला की पुढचं वाचतच नसत.

पुष्कळसे जंतू मोकाशी बाईंच्याच वर्गातले.
निरोपाच्या धाग्याला आधी थोडी कोरी वाट हवी,
तिच्यावर ओळखीची खूण.
मग रायबोसोमचा धाकटा अर्धा येतो, चाचपतो,
खूण पटली की थोरल्याला हाक मारतो,
आणि तेव्हा कुठे
प्रथिनाची पहिली कडी.

पण हे माझे,
क्षयाच्या जंतूचे गरीब चुलतभाऊ,
यांच्या चार निरोपांतला जवळजवळ एक
मायन्याशिवायच घराबाहेर पडतो.
ए, यू, जी.
पहिल्याच अक्षराला कामाची गोष्ट.
आणि तरी वाचला जातो!
धाकटा-थोरला फुगडीतल्यासारखे
आधीच हात गुंफून येतात,
धाग्याचं उघडं टोक पकडतात,
सुरू.

नेमकं कसं, ते अजून नीट कळलेलं नाही.
हे वाक्य मी अनुदानाच्या अर्जांत
नऊ वेळा लिहिलंय,
दर वेळी अधिक सभ्य शब्दांत.

एल्स्पेथची आजी इथल्या तागाच्या गिरणीत होती.
यंत्रांच्या त्या गदारोळात
नमस्कार-चमत्कार कोण घालणार?
ओठ हलवायचे, बोटं नाचवायची:
दोरा तुटला. मुकादम आला. पोर तापलंय.
एल्स्पेथही तशीच.
सकाळी दारातूनच सांगते,
'तिसरी नळी फुटली.'
सहा वर्षं मला वाटत होतं, ही रागावलीय.

काल रात्री उशीखाली फोन थरथरला.
शिरीष. चार वर्षांनी.
ना ताई, ना कशी आहेस.
'आईची कवळी सापडली. ठेवू का?'

मी मायना शोधत स्क्रीन वर सरकवत गेले.
वर काही नव्हतं.
म्हणजे होतं,
एका वकिलाचा पत्ता, पिनकोडसकट,
आणि त्याखाली माझं 'बरं'.

रात्रभर त्या पाच शब्दांना
मी पुढचं-मागचं जोडत बसले.

आता फिल्म धुऊन आलीय.
पट्टी उमटलीय, बारीक, किंचित तिरकी,
पण आहे.
काचेपलीकडून एल्स्पेथ
नुसत्या ओठांनी विचारते, चहा?
मी मान हलवते,
उजवा हातमोजा सोलून काढते
आणि एका बोटाने लिहिते:

'ठेव. वरचा एक दात सैल आहे,
फडक्यात गुंडाळ.'